वेणूबाईंच्या डब्यातला नमुना

हे मी लिहिणार नव्हतो. मोबाईलवर अर्धं टाइप केलं, पुसलं, परत केलं. कारण विषय लघवीचा आहे. आमच्या श्रीवर्धनात माणूस "जरा जाऊन येतो" एवढंच म्हणतो. कुठं, ते कुणी विचारत नाही आणि तो सांगत नाही. असल्या गावात लघवीवर गोष्ट लिहिणारा म्हणून माझं नाव झालं तर मला मुलगी कोण देणार, हाही एक मुद्दा होताच. पण ज्यांची गोष्ट आहे ते महादेव आगाशे सर स्वतःच म्हणाले, "लिही रे. नाव बदलू नको. लपवायला आता राहिलंय काय?"

तर सर.

सर म्हणजे गणिताचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी अर्ध्या गावाला त्यांना बघून अजून पाढे आठवतात आणि उरलेल्या अर्ध्या गावाला स्वतःचे कान. घरामागं सुपारीची वाडी, घरात श्यामलाकाकू आणि अंगात साखर. साखर इतकी जुनी की काकू तिच्याबद्दल नणंदेसारखं बोलतात. "आज बरी आहे." "आज वर चढून बसलीय." बिनसाखरेचा चहा पिऊन पिऊन सरांच्या चेहऱ्यावर एक कायमचा त्यागी भाव आलेला.

ऑक्टोबरच्या उन्हात सरांना जळजळ सुरू झाली. कुठं, ते मी वर सांगितलंय. सारखं जावं लागायचं आणि गेलं की चार थेंब, तेही मिरची लावल्यासारखे. सर कुणाला बोलले नाहीत. मेडिकलवाल्याला लांबून, इतर गिऱ्हाईकं गेल्यावर, "उन्हाळी लागलीय" असं पुटपुटले. त्यानं गोळ्या दिल्या. जळजळ थांबली तशी सरांनी गोळ्याही थांबवल्या. पुढच्या महिन्यात परत जळजळ, परत गोळ्या, परत अर्ध्यावर बंद. जो माणूस पोरांना "गणित अर्ध्यात सोडणाऱ्याला भोपळा" म्हणून दम भरायचा, त्या माणसाचा हा हिशोब.

तिसऱ्या खेपेला राहवेना म्हणून त्यांनी ते फक्त एका माणसाला सांगितलं. अब्दुस्समदला. दोघं शाळेपासूनचे. अब्दुस्समद कुवेतला आयुष्य काढून परत आलेला. त्याच्याकडं तिथल्या आठवणी, एक जुनी गाडी आणि सरांसारखीच साखर. रोज सकाळी दोघं समुद्रावर चालायला जातात, म्हणजे चालायला जायचं म्हणून दगडावर बसतात.

"समद, कुणाला बोलू नको," सर म्हणाले.

"अल्ला कसम, मास्तर. ही गोष्ट माझ्या कबरीत जाईल."

कबरीत जाण्याआधी ती नसीबाभाभीकडं गेली, कारण नवऱ्याची कबर आणि बायको यात अब्दुस्समद फरक करत नाही. नसीबाभाभीनं काळजीपोटी श्यामलाकाकूंना विचारलं. काकूंनी काळजीपोटी शेजारच्या वेणूबाईंना विचारलं. आणि वेणूबाईंना कळलं की मग कुणाला विचारायची गरजच राहत नाही.

इथून सरांच्या आयुष्यातला सगळ्यात गोड काळ सुरू झाला.

कारण बघा, कोकणात उन्हाळी लागली की तिच्यावर जे जे उपाय आहेत ते सगळे गोड आहेत. वेणूबाई स्टीलच्या डब्यातून धने-जिऱ्याचं पाणी घेऊन आल्या, त्यात मूठभर खडीसाखर. "भावजी, लाज कसली? उष्णता आहे. प्या." नसीबाभाभीनं दुधात सब्जा घालून पाठवला, गुलाबाचं सरबत ओतून. मागच्या आळीतून कोकमाचं सरबत आलं. कुणी म्हणालं उसाचा रस, बर्फ न घालता. कुणी म्हणालं शहाळं, पण मलईसकट.

सरांना यातलं गणित दिसत नव्हतं असं नाही. पण इतक्या वर्षांनी पहिल्यांदा लोक त्यांना साखर खा म्हणून आग्रह करत होते, औषध म्हणून, पदराखाली डबे लपवून घरी येऊन. काकू ओरडल्या तर सर गंभीरपणे म्हणायचे, "श्यामला, पथ्य पथ्याच्या जागी, उपचार उपचाराच्या जागी." आणि दुसरा पेला उचलायचे.

आठवडाभर उपचार झाले. आठवड्यानंतर सरांना हुडहुडी भरून ताप आला, कंबरेच्या वर एका बाजूला ठणका लागला आणि बोट टोचून साखर बघितली तर मशीननं आकडाच दाखवला नाही, नुसतं इंग्रजीत "हाय" असं लिहून आलं.

"बघा," काकू म्हणाल्या, "मशीननंसुद्धा हाय खाल्ली."

नाइलाजानं सर डॉक्टरकडं गेले. आता यातला पेच समजून घ्या. गावातली डॉक्टर म्हणजे भाविका. सरांची विद्यार्थिनी. सातवीत भूमितीच्या तासाला चॉकलेट खाल्लं म्हणून सरांनी तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं. आता ती खुर्चीत आणि सर स्टुलावर.

"काय होतंय, सर?"

"जरा... उष्णता."

"कुठं?"

सरांनी खिडकीबाहेरच्या आंब्याकडं बघत सांगितलं. भाविकानं तपासलं, साखरेचे जुने रिपोर्ट बघितले, उपचारांची यादी ऐकली. कोकम सरबतापर्यंत ती शांत होती. उसाच्या रसाला तिनं पेन खाली ठेवलं.

"सर, ही उष्णता नाही. हे इन्फेक्शन आहे. तुमच्या रक्तात साखर, म्हणून लघवीत साखर. जंतूंना तुम्ही तिथं लग्नाची पंगत वाढलीय. त्यात इतक्या वर्षांच्या डायबिटीसनं मूत्राशयाच्या नसा मंदावतात, ते नीट रिकामं होत नाही, म्हणजे पंगतीला आलेले पाहुणे जातच नाहीत. आणि तुम्ही दोनदा अर्ध्यात गोळ्या सोडल्यात, म्हणजे पाहुण्यांना अर्धवट मारून हाकललंत. उरलेत ते निबर. सर, गणित अर्ध्यात सोडलं तर तुम्ही काय द्यायचात?"

"भोपळा," सर आंब्याला म्हणाले.

"आता हे किडनीपर्यंत चढतंय. कुठला जंतू आहे आणि त्याला कुठलं औषध मारतं, ते कळल्याशिवाय मी अंदाजे किती गोळ्या बदलत बसू? कल्चर करायचं. आत्ताच बाटली देते, तिकडं बाथरूम आहे. आधी स्वच्छ धुवायचं, पहिली धार सोडून द्यायची, मधली बाटलीत."

सर बाटली घेऊन आत गेले. आत गेल्यावर लक्षात आलं की दाराच्या पलीकडं वेटिंग रूम आहे आणि दाराला वर नुसती जाळी आहे. बाहेरून आवाज येत होते. "सर आलेत ना? आत गेलेत वाटतं." एका बाईनं तर पोराला सांगितलं, "हळू बोल, सर आत आहेत." सगळी वेटिंग रूम अदबीनं गप्प झाली. आख्खा वर्ग शांत बसलाय आणि कान देऊन ऐकतोय, अशा शांततेत जगात कुठल्याही शिक्षकाला होणार नाही. सर रिकामी बाटली घेऊन बाहेर आले.

"उद्या सकाळी घरी घ्या," भाविका म्हणाली. "कल्चर इथं होत नाही, माणगावच्या लॅबला पाठवावं लागतं. त्यांचा माणूस रोज येतो, पण उद्या सुट्टीवर आहे. तुम्हीच पोचवा. बर्फात ठेवा. नमुना दिला की लगेच ही गोळी सुरू. आधी घेतलीत तर कल्चरमध्ये काही उगवणार नाही. आणि थांबायलाही वेळ नाही. उद्या संध्याकाळपर्यंत ताप असाच राहिला तर मी थेट ॲडमिट करणार, सलाईनवर. मुंबईला गौरीला फोनही मीच करणार."

गौरी म्हणजे सरांची मुलगी. तिच्यापुढं सर तापापेक्षा जास्त थरथरतात.

"नमुना पोचेल," सर म्हणाले. प्रमेयाच्या शेवटी "सिद्ध झाले" म्हणायचे त्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नमुना तयार झाला. बाटलीवर भाविकाच्या माणसानं आधीच ठसठशीत लिहून दिलं होतं, "महादेव आगाशे, पुरुष, लघवी." ते वाचून सरांच्या अंगावर काटा आला. गावातून आपल्या नावाची लघवी उघड्यावर जाणार? आणि आपण म्हातारपणी तापात एसटीत बसून ती मांडीवर घेऊन जायची?

आता आमच्याकडं रीत अशी, की काहीही कुठंही पाठवायचं तर एसटीच्या ड्रायव्हरकडं द्यायचं. मुलीला फणस, जावयाला कोलंबी, विसरलेला चष्मा, सगळं ड्रायव्हरच्या सीटमागं ठेवून जातं आणि स्टँडवर ज्याचं त्याला मिळतं. सरांनी लॅबला फोन केला. त्यांचा दुसरा माणूस माणगाव स्टँडवर यायला तयार झाला. मग सरांनी बाटली कागदात गुंडाळली. कागद प्लॅस्टिकमध्ये, प्लॅस्टिक बर्फात, बर्फ डब्यात, वरून केळीचं पान.

डबा कुठला? इथं सरांची सगळी बुद्धी पणाला लागली. घरातल्या प्रत्येक स्टीलच्या डब्यावर "म. ग. आगाशे" असं नाव कोरलेलं. कुणी वाचलं म्हणजे? तेवढ्यात ओट्यावर वेणूबाईंचा डबा दिसला, धने-जिऱ्याचा, परत द्यायचा राहिलेला. त्यावर नाव "वेणूबाई". सरांना आनंद झाला. कुणाला काय कळतंय!

"अहो, लोकांचा डबा!" काकू म्हणाल्या.

"धुऊन देऊ. आपलं नाव नको."

स्टँडवर माणगाव गाडीचा ड्रायव्हर विठोबा तंबाखू मळत उभा होता. हाही सरांचाच विद्यार्थी.

"काय हाय सर डब्यात?"

सर आयुष्यात खोटं बोललेले नाहीत. पण विठोबाच्या मागं निम्मी गाडी ऐकत होती, आणि त्या दिवशी संकष्टी होती.

"मोदक," सर म्हणाले.

"ठेवतो की. कुनाला द्यायचं?"

"स्टँडवर माणूस येईल. वेणूबाईंचं नाव असलेला डबा म्हणेल."

सर घरी आले. अब्दुस्समद व्हरांड्यात बसला होता. सर गोळी तोंडात टाकणार एवढ्यात त्यानं हात धरला. "मास्तर, थांब. पोचल्याचा फोन येऊ दे. पार्सल पोचल्याशिवाय पावती फाडू नये, हे मी कुवेतमध्ये शिकलो." अख्ख्या प्रकरणात शहाणपणाचं हे एकच वाक्य कुणी बोललं असेल.

कारण दर संकष्टीला वेणूबाई माणगावला लेकीच्या सासरी उकडीचे मोदक पाठवतात. तिच्या सासूच्या, म्हणजे नूतनबाईंच्या, मोदकांना कळ्या येत नाहीत, ही गोष्ट वेणूबाईंनी महिन्यातून एकदा सिद्ध करायची अशी रीत पडलेली. तेही एसटीनं. तेही विठोबाच्या गाडीनं. आणि तेही, अर्थातच, स्वतःचं नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यातून.

दुपारी लॅबमधून फोन आला. मुलीचा आवाज गोंधळलेला होता.

"आगाशे सर? तुमचा नमुना मिळाला. पण सर... यात चार मोदक आहेत."

सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चांगले आहेत सर दिसायला. पण कल्चर होणार नाही."

सरांनी फोन ठेवला आणि त्यांना पहिला प्रश्न पडला की मग तिकडं काय गेलं? त्याचं उत्तर भिंतीपलीकडून आलं. वेणूबाईंचा फोन स्पीकरवर होता. तिकडं नूतनबाईंनी डबा उघडला होता. केळीचं पान, खाली बर्फ, बर्फात बाटली, बाटलीत पिवळं. त्यांना वाटलं केशराचं पाणी असेल, वेणूबाईंचा मोदकांवर शिंपडायचा काहीतरी नवा थाट. त्या बाटली घेऊन देवघराकडं निघाल्या. नशीब, की वाटेत त्यांचे यजमान चष्मा लावून पेपर वाचत होते. त्यांनी बाटलीवरची अक्षरं मोठ्यानं वाचली. देव थोडक्यात वाचला.

"विहीणबाई," फोनमधून आवाज आला, "आमच्या मोदकांना कळ्या येत नाहीत हे मान्य. पण म्हणून हे?"

वेणूबाई अंगणात आल्या. पदर खोचलेला. "भावजी! माझा डबा! माझी विहीण!"

सर उठून उभे राहिले. ताप एवढा की भिंत धरावी लागली. पण चेहऱ्यावर ते जुनं आलं होतं, फळ्यावरचं गणित चुकलं की सगळा फळा पुसून पहिल्यापासून मांडायचे तसं.

"समद, गाडी काढ."

"डॉक्टरला तर विचार."

विचारलं. भाविकानं फोन तोंडापासून लांब धरला असणार. मला खात्री आहे की ती हसत होती. मग म्हणाली, "गोळी घेतली नाहीत ना? छान. थेट लॅबमध्येच जाऊन द्या, आणि दिलीत की तिथंच गोळी घ्या. सर, आता उशीर नको. संध्याकाळपर्यंत मला फोन हवा."

अब्दुस्समदची गाडी त्याच्याच वयाची वाटते, पण धावते. म्हसळ्यापर्यंत सरांनी ती इतक्यांदा थांबवली की मागून आलेल्या रिक्षावाल्याला वाटलं ही माणसं झाडं मोजतायत. प्रत्येक वेळी चार थेंब आणि डोळ्यांत पाणी.

"मास्तर, सगळं रस्त्यात संपवू नको. लॅबला काय देणार?" अब्दुस्समद ओरडला. पण गंमत अशी, की सर झाडामागून येऊन बसले की तोही उतरून "जरा बघून येतो, टायर" म्हणत पलीकडच्या झाडामागं जायचा. इतके टायर कुणी बघत नाही. पण सरांच्या ते तेव्हा लक्षात आलं नाही.

लॅबमध्ये काउंटरवरच्या मुलीनं संगणकात बघितलं. "सर, तुमचा नमुना आलेला दाखवतंय."

"तो मोदक होता."

"हो, पण एंट्री झालीय. एका कागदावर एकच नमुना. आधीचा रद्द करावा लागेल. आणि रद्द करायला कारण निवडावं लागतं." तिनं पडदा फिरवून दाखवला. "गळती, अपुरा, बाटलीवर नाव नाही. मोदक असं कारणच नाही."

"अपुरा टाका," अब्दुस्समद काउंटरवरच्या उघड्या डब्याकडं बघत म्हणाला. "चार होते, तीन दिसतायत."

मुलगी लाजली. तोंड पुसलं. "बाटलीवर नाव नाही" असं कारण टाकून तिनं मुकाट्यानं नवी बाटली दिली.

सर आत गेले. बाहेर हॉल गच्च भरलेला. आणि आत, इतक्या झाडांना उदार हस्ते दिलेलं, तिथं एक थेंब नाही. नळ सोडून बघितला. पाढे म्हणून बघितले. एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत गेले. अंगात ताप, कंबरेत ठणका, हातात रिकामी बाटली. संध्याकाळ जवळ येत होती. सलाईन दिसत होतं, सलाईनच्या शेजारी गौरी दिसत होती. सरांना पहिल्यांदाच खरी भीती वाटली. आपण इतकी वर्षं पोरांना सोडवायला लावलेल्या गणितांमध्ये असं एकही नव्हतं, की उत्तर अंगात आहे पण बाहेर येत नाही.

तेवढ्यात बाहेर बाईमाणसाचा खणखणीत आवाज आला.

"महादेव आगाशे कुठं आहेत?"

सर दार किलकिलं करून बघतात, तो नूतनबाई. हातात वेणूबाईंचा डबा. वेणूबाईंनी फोनवर सगळं सांगितलं होतं, आणि बाई लॅब शोधत आल्या होत्या.

"नाव वाचलं म्हणून आणून दिली," त्या सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा म्हणाल्या आणि बाटली उंच धरली. "एवढ्या लांबून पाठवलेली लघवी टाकायची कशी, म्हटलं. आणि यात लाजायचं काय? आमचे हे पण गोड खातात, त्यांना पण हेच झालं होतं. लाजत बसले आणि आठ दिवस हॉस्पिटलात काढले. घ्या, हे तुमचं!"

हॉलमध्ये एक म्हातारा टाळी वाजवणार होता, त्याच्या सुनेनं हात धरला.

आणि त्या क्षणी सरांना आतून काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. आता कुणापासून काय लपवायचं? श्रीवर्धनला माहीत, माणगावला माहीत, देवघरालाही जवळजवळ माहीत. सरांनी दार लावलं. स्वच्छ धुतलं, पहिली धार सोडली, मधली बाटलीत धरली. बाटली भरली. भरून वर थोडं राहिलं.

सर बाहेर आले ते बाटली हातात धरून. कागद नाही, प्लॅस्टिक नाही. अख्खा हॉल पार करून ती त्यांनी काउंटरवर ठेवली, परीक्षेत पेपर सगळ्यात आधी देणाऱ्या पोरासारखी. मग तिथंच उभ्यानं गोळी घेतली आणि नूतनबाईंना नमस्कार केला.

"मोदक फार सुंदर होते म्हणे," सर म्हणाले.

"ते सांगू नका वेणूबाईंना," त्या म्हणाल्या.

ॲडमिट व्हावं लागलं नाही. काठावर वाचले. रिपोर्ट आल्यावर भाविकानं औषध बदललं, कारण मेडिकलच्या ज्या गोळ्या सर खात होते त्यांना तो जंतू भीकच घालत नव्हता. ते औषध सरांनी शेवटच्या गोळीपर्यंत घेतलं. रिकामं पाकीट भाविकाला नेऊन दाखवलं, आणि तिनं त्यावर लाल पेननं बरोबरची खूण करून दिली. वेणूबाई काही दिवस बोलत नव्हत्या. मग परत आल्या, डबा न घेता.

परवा दोघं समुद्रावर दगडावर बसले होते. अब्दुस्समद मध्येच उठला. "जरा टायर बघून येतो."

"समद, आपण चालत आलोय."

अब्दुस्समद परत खाली बसला.

"किती दिवस?" सरांनी विचारलं.

"तुझ्या आधीपासून, मास्तर." मग हळूच, "तुझ्या उरलेल्या गोळ्या मीच नेल्या होत्या. वाटलं, वाया कशाला घालवायच्या. नसीबाला माहीत नाय. मुलाला, उझैरला कळलं तर तो दुबईवरून फोन करकरून जीव घेईल. आणि भाविका पोरगी हाय रे, तिला कसं सांगू?"

"ताप?"

"रात्री अंगात कणकण असते."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आणि मला सर म्हणाले की यातलं बाकी काही गाळलंस तरी चालेल, पण हे जसंच्या तसं लिही.

"ऐक समद. आत्ता इथून उठून आपण भाविकाकडं जातोय. बोलायचं काम माझं, तू आंब्याकडं बघ. उद्या सकाळी तुझी बाटली मी माणगावला नेणार. तुझ्या गाडीनं नाही, एसटीनं. डब्यात नाही, पिशवीत नाही, हातात धरून, पुढच्या सीटवर बसून. शब्द देतो तुला. विठोबानं विचारलं, सर, हातात काय हाय, तर सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगेन, आमच्या समदची लघवी आहे बाबा, खड्डे बघून चालव."